उंबरठे काढलेलं घर

आत्या मुख्य दारातून आत आली आणि अडखळली. उंबरठा नव्हता म्हणून अडखळली. या घरात ती जन्मली, लहानाची मोठी झाली, आणि लग्न होऊन गेल्यावरही दर रविवारी येत राहिली. दारापाशी आलं की तिचं उजवं पाऊल आपोआप वीतभर वर व्हायचं. ते आजही झालं, पण खाली ओलांडायला काही नव्हतं. तोल गेला आणि ती पर्ससकट कपड्यांच्या खुंट्यांवर जाऊन आदळली.

"हाही काढलात?" एका खुंटीला धरून तिने विचारलं.

"परवा," आजोबा म्हणाले. ते दाराशीच स्टुलावर बसून चौकटीच्या खालच्या कडेला पॉलिश पेपर घासत होते. "आतले मागेच काढले होते. हा एकच राहिला होता. लागलं का तुला?"

"अण्णा, ती अडथळ्यांच्या शर्यतीत पळणारी मुलगी आहे. कंबरेएवढ्या उंचीचे दहा दहा अडथळे ओलांडते ती. आणि तुम्ही तिच्यासाठी चार बोटांचे उंबरठे काढताय?"

"ओलांडत होती," आजोबा म्हणाले आणि पुन्हा पॉलिश पेपर घासायला लागले.

आता हे घर सुतारांचं. दुसऱ्या कुणाच्या घरात मुलीचा गुडघा निकामी झाला असता तर लोकांनी फळं आणली असती, देवाचं नाव घेतलं असतं, फार तर टीव्ही तिच्या खोलीत हलवला असता. इथे मोजपट्ट्या बाहेर आल्या. नऊ महिन्यांपूर्वी अंतिम शर्यतीत, सातव्या अडथळ्यावरून उतरताना पाचरच्या डाव्या गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन होऊन ती घरी यायच्या आत आजोबांनी तिचा पलंग चार बोटं उंच केला होता. मग बोळात दोन्ही बाजूंना कठडे आले. मग खिडकीशी एक उंच खुर्ची आली, तिला पाय ठेवायला वरखाली होणारी फळी. मग बाथरूममध्ये, तिचा पाय घसरू नये म्हणून, जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत लाकडी पाट बसला. आणि हे करून करून करण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा उंबरठे निघायला लागले.

पाचर हे नावही आजोबांचंच. लहानपणी ही पोरगी कुठल्याही दोन माणसांच्या मध्ये घुसून बसायची आणि एकदा बसली की हलायची नाही. मैदानावर मात्र हलायची, आणि अशी हलायची की पंधराव्या वर्षी तिला संघात घेतलं आणि ती होस्टेलवर राहायला गेली. तिथून ती नऊ महिन्यांपूर्वी आली, कुबड्या घेऊन. कुबड्या कधीच गेल्या, पाचर मात्र खिडकीतल्या खुर्चीत ठाण मांडून बसली होती.

आत्या हात धुवायला बाथरूममध्ये गेली. नळ सोडला, पाणी आलं नाही. बाहेर येऊन ती म्हणाली, "पाणी नाही?"

"अकराला येतं," स्वयंपाकघरातून आई म्हणाली. "बसा ताई, दोनच मिनिटं."

आई दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर होती. गेल्या वीस वर्षांत तिने कुणालाही दोन मिनिटांपेक्षा जास्त वेळ सांगितला नव्हता, आणि अर्ध्या तासाच्या आत कुणाला आत सोडलंही नव्हतं.

*

बैठक आत्यानेच बोलावली होती. शाळेची मुख्याध्यापिका म्हणून ती रिटायर झाली त्याला चार वर्षं झाली, पण तिच्यातली मुख्याध्यापिका काही रिटायर झाली नव्हती. सगळे बसल्यावर तिने पर्समधून एक फॉर्म काढला आणि टीपॉयवर, बिस्किटांच्या बशीशेजारी ठेवला.

"क्रीडाशिक्षिकेची जागा निघाली आहे," ती म्हणाली. "आमच्याच शाळेत. अर्ज उद्या पाचपर्यंत द्यायचाय. नवीन मुख्याध्यापिका माझ्या हाताखाली तयार झालेली आहे, म्हणजे ते बघायला नको. पाचर, फक्त सही कर."

पाचर खिडकीतल्या उंच खुर्चीत, पाय फळीवर ताणून बसली होती. गुडघ्यावर शेकायची पिशवी, पिशवीची वायर खाली जमिनीवरच्या एक्स्टेन्शन बोर्डात, आणि बोर्डाची वायर समोरच्या भिंतीपर्यंत. तिने फॉर्मकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

"आणि गुरुवारचं?" दादाने विचारलं. दादा बाकाच्या एका टोकाला बसला होता.

गुरुवारचं म्हणजे कोचचा मेसेज. तो शुक्रवारी आला होता आणि तेव्हापासून घरातला प्रत्येक जण तो स्वतःच्या फोनवर मागवून वाचत होता. मजकूर दोनच ओळींचा होता. गुरुवारी सकाळी चाचणी शर्यत. जी पळणार नाही तिचं नाव संघाच्या यादीतून काढलं जाईल.

"गुरुवारी ती कशी पळेल?" आई म्हणाली. "जिना उतरताना तोंड बघ तिचं."

"तेच म्हणते मी," आत्या म्हणाली. या घरात आई आणि आत्या एका बाजूला असणं ही काही रोजची गोष्ट नव्हती, त्यामुळे दोघी एकमेकींकडे जरा संशयाने बघत होत्या. "पोरीने सहा वर्षं वणवण केली. आता मानाने घरी राहील, दहा ते पाच नोकरी करेल."

"घरी राहील," आई लगेच म्हणाली.

ती जरा जास्तच लगेच म्हणाली, हे तिचं तिलाच कळलं. नऊ महिने तिची मुलगी रोज तिच्या घरात उठत होती, तिच्या हातचं जेवत होती, संध्याकाळी दवाखान्यातल्या पेशंटच्या गोष्टी ऐकून हसत होती. पंधराव्या वर्षी गेलेली पोर विसाव्या एकविसाव्या वर्षात परत मिळाली होती. त्यासाठी एक गुडघा तुटावा लागला हे वाईटच, पण देव देतो तेव्हा पावती बघून देत नाही असं काहीतरी आईने मनाशी केव्हाच ठरवून टाकलं होतं, आणि त्याची तिला लाजही वाटायची.

"माझं म्हणणं," दादा म्हणाला, "घाई कशाला? नोकरी पण नको, शर्यत पण नको. अजून दोन महिने फिजिओ करू. मी नेईन की."

"तू नेशील," बाबा म्हणाले. "शेडमध्ये फळ्या उतरवायला बोलावलं की तुझी कंबर धरते. फिजिओकडे जायचं म्हटलं की इस्त्रीचा शर्ट."

दादा पाणी प्यायला. फिजिओ नावाची जी बाई होती ती पंचविशीची होती, तिचे दात सुंदर होते, आणि पाचरचे व्यायाम चालू असताना ती दादालाही खांदे कसे सैल सोडायचे ते शिकवायची. दादाचे खांदे इतके सैल झाले होते की आजोबांनी त्याला रंधा मारायला बंदी केली होती.

"तिलाच विचारा ना," बाबा म्हणाले. "आयुष्य तिचं आहे." आणि हे म्हणून झाल्यावर, तिला न विचारताच पुढे म्हणाले, "पण घरात राहिली तर काय वाईट? दुपारी आमचा बुद्धिबळाचा डाव असतो. मन रमतं तिचं. एकसष्ट डाव झाले."

"कोण जिंकतं?" आत्याने विचारलं.

"तो मुद्दा नाही," बाबा म्हणाले, पण त्यांचा चेहरा उजळला.

आजोबांचं लक्ष दुसरीकडेच होतं. ते पाचरच्या खुर्चीच्या हाताला बोटाने चाचपत होते. सहा वर्षांपूर्वी, हात थरथरायला लागला म्हणून, बाबांनी त्यांना गोड बोलून कामाच्या शेडमधून घरात आणून बसवलं होतं. त्यानंतर आजोबा दिवसभर पेपर वाचायचे, आणि पेपर संपला की जाहिराती वाचायचे. आता नऊ महिने ते सकाळी आठला शेडमध्ये हजर असत. पोरीसाठी म्हटल्यावर त्यांना अडवायची कुणाची छाती नव्हती. हातही आता कमी थरथरत होता. ही गोष्ट त्यांनी कुणाला सांगितली नव्हती, कारण ती सांगायची कशी हेच त्यांना कळत नव्हतं.

"पाचर, बोल," आत्या म्हणाली.

"गुडघ्यात अजून काहीतरी होतं," पाचर म्हणाली. "आत. म्हणजे दुखतं असं नाही. पण होतं."

"झालं तर मग," आत्या म्हणाली आणि पेनाचं टोपण काढलं.

*

पुढे जे झालं ते बाबांनी सगळ्यात नीट पाहिलं, कारण ते बोळाच्या दाराकडे तोंड करून बसले होते.

अकरा वाजून गेले होते. अकराला पाणी येतं. आत्याने नळ सोडला होता, तो बंद केला नव्हता. बाथरूममध्ये भिंतीपासून भिंतीपर्यंत पाट होता, आणि पाटाखाली मोरीचं भोक होतं. आंघोळीपुरती त्यावरची फळी उचलायचे आणि परत बसवायचे. आजोबांनी पाट इतका चोख बसवला होता की त्याच्या फटीतून सुई जाणार नाही, मग पाणी काय जाणार? एरवी ते उंबरठ्यापाशी तरी थांबलं असतं. पण बाथरूमचा उंबरठा एप्रिलमध्येच निघाला होता.

तर पाणी बोळातून आलं, आरामात, पाहुण्याने यावं तसं. बाबांना आधी वाटलं फरशीवर ऊन पडलंय. मग त्यांनी पाहिलं की ते ऊन एक्स्टेन्शन बोर्डाकडे सरकतंय. त्यांनी तोंड उघडलं. बाबांचं असं आहे की मोठा धोका दिसला की त्यांना शब्द सापडत नाही, फक्त बोट वर होतं. ते बोट बोळाकडे करून बसले.

पाचरने बोटाकडे पाहिलं, मग पाण्याकडे, मग बोर्डाकडे. बोर्डाचं बटण समोरच्या भिंतीवर होतं, आणि मध्ये टीपॉय, आत्या आणि बाक.

ती खुर्चीतून उठली असं म्हणता येणार नाही. ती खुर्चीत होती आणि मग टीपॉयवर होती. म्हणजे टीपॉयवर नाही, त्याच्या वरून. डावा पाय सरळ पुढे, उजवा गुडघ्यात दुमडून बाजूने. कपबशांना धक्का लागला नाही. खाली उतरली ती डाव्या पायावर. एक, दोन, तीन पावलं. बाबांनी मोजली, कारण सहा वर्षं ते मैदानावर तीच मोजत आले होते. मग बाकाचं मोकळं टोक, त्यावरून पलीकडे, आणि भिंतीवरचं बटण खट् करून बंद.

पाणी बोर्डापासून वीतभर लांब होतं. पुढच्या क्षणाला बोर्ड ओला झाला, पण तोवर त्यात वीज नव्हती.

आई धावत बाथरूममध्ये गेली आणि तिने नळ बंद केला. ती परत आली तेव्हाही सगळे होते तसेच बसले होते. आत्याचं पेन हवेत होतं. पाचर भिंतीला पाठ लावून उभी होती, दोन्ही पायांवर, भरभर श्वास घेत. मग तिला आठवलं, आणि तिने हळूच एक पाय जरा वाकडा केला.

"तो उजवा आहे," बाबा म्हणाले.

पाचरने खाली पाहिलं. तो उजवा होता.

*

"आता हिला विचारू नका," बाबा म्हणाले. "मी सांगतो. मला महिन्याभरापासून माहीत आहे. कुरिअरवाला सही न घेता निघाला होता, तर ही गेटपर्यंत पळत गेली. शेडच्या खिडकीतून पाहिलं मी."

"आणि बोलला नाहीत?" आई म्हणाली.

"तू तरी कुठे बोललीस? तुलाही माहीत असणार."

आईने हातातल्या फडक्याने चेहरा पुसला. "ओट्यावर चढली होती. बिस्किटांचा डबा वरच्या फळीवर होता. मी दारातून मागे फिरले."

सगळ्यांनी दादाकडे पाहिलं.

"फिजिओ म्हणाली होती," दादा म्हणाला. "दोन महिन्यांपूर्वी. म्हणाली, हिचा पाय माझ्या पायापेक्षा चांगला आहे. आता माझ्याकडे करण्यासारखं काही नाही."

"मग आपण दोन महिने कशाला जातोय?" पाचर ओरडली.

"मी तिला म्हटलं, खात्री करून घेऊ."

"अण्णा," आत्या म्हणाली, "निदान तुम्ही तरी..."

"कठड्यावर बोटांचे डाग नाहीत," आजोबा खाली बघत म्हणाले. "पॉलिश काळं आहे, हात लावला की दिसतो. वैशाखापासून एक डाग नाही. धरतच नाही ती."

"म्हणजे उंबरठा ओलांडण्याइतकी ती बरी आहे हे ठाऊक असून तुम्ही परवा तो काढलात?"

आजोबांनी हातातल्या पॉलिश पेपरची घडी घातली. खरं कारण सांगायचं तर ते ऐकायला बाबा समोरच बसले होते.

"म्हणजे या घरात मला एकटीलाच माहीत नव्हतं," आत्या म्हणाली. तिला खरंच वाईट वाटलं होतं. चाळीस वर्षं मुलांच्या पोटदुख्या ओळखण्यात गेली, आणि घरच्या पोरीने तिला फसवलं होतं.

पण सगळ्यात जास्त चिडली होती ती पाचर.

"तुम्हाला सगळ्यांना माहीत होतं," ती म्हणाली. "आणि मी वेड्यासारखी लंगडतेय. रोज. बाथरूमला जाताना लंगडतेय, येताना लंगडतेय."

"छान लंगडायचीस," बाबा समजुतीने म्हणाले. "मध्ये एकदोनदा पाय बदललास, तेवढं सोडलं तर."

"मग सांगितलं का नाही? थांबवलं का नाही? एक तरी माणूस म्हणाला असता की बाई, पुरे कर सोंग."

"कसं म्हणणार?" आई म्हणाली. "दुखावली असतीस."

"मी दुखावलेलीच आहे," पाचर म्हणाली, आणि ओल्या फरशीवर तशीच बसली.

मग ती रडली. आवाज न करता रडली, आणि सगळे आपापल्या जागी अवघडून बसले. सुतारांच्या घरात रडणाऱ्या माणसाला काय करून द्यायचं ते कुणाला सुचेना.

"पाय बरा आहे," ती शेवटी म्हणाली. "मला माहीत आहे बरा आहे. कुरिअरवाल्याच्या मागे पळताना तो दुखत नाही. पण मागच्या महिन्यात मी एकटी इथल्याच एका मैदानावर गेले होते. दादाला फिजिओकडे सोडून."

"तू मला सोडून?" दादा म्हणाला.

"एकच अडथळा लावला. लांबून पळत आले आणि जवळ गेल्यावर तो आवाज ऐकू आला. गुडघा तुटताना झालेला. कट् असा. थांबले. परत मागे गेले, परत पळत आले, परत तो आवाज. अकरा वेळा केलं. अकराव्या वेळी मी तो अडथळा हाताने आडवा पाडला आणि घरी आले." तिने नाक पुसलं. "आणि खरं सांगू? आवाजाचं पण जाऊ दे. पाय बरा झाला म्हटलं की पळायला लागणार. आणि पळून हरले तर? आत्ता लोक म्हणतात, बिचारी, दुखापतीने गेली, नाहीतर कुठल्या कुठे गेली असती. उद्या म्हणतील, हिच्यात तेवढं नव्हतंच. ते मला ऐकायचं नाहीये. त्यापेक्षा लंगडते."

 बाबांनी घसा खाकरला.

"पाचर," ते म्हणाले, "ते बुद्धिबळात..."

"हो बाबा. मुद्दाम हरले."

"एकसष्टच्या एकसष्ट?"

"पहिले चार तुम्ही खरेच जिंकलात. तेव्हा मी गोळ्यांवर होते."

बाबा खिडकीबाहेर बघायला लागले.

*

आजोबा उठले आणि पाचरशेजारी खाली बसायला लागले. बसायला त्यांना बराच वेळ लागला. एक हात बाकावर, एक दादाच्या डोक्यावर. बसले, आणि त्यांनी डावा हात तिच्यासमोर धरला. त्यातली दोन बोटं अर्धीच होती. तिशीत करवतीच्या मशीनने नेली, ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. मिस्त्री दोन महिन्यांत पुन्हा मशीनवर उभा राहिला, अशी ती संपायची, आणि आत्या ती दरवर्षी शाळेत मुलांना सांगायची.

"दोन महिन्यांत नाही," आजोबा म्हणाले. "आठ महिने लागले."

"अण्णा, असं कसं?" आत्या म्हणाली. "मी लहान होते, पण मला आठवतं. रोज सकाळी मशीनचा आवाज यायचा."

"यायचा. मी मशीन चालू करायचो आणि कोपऱ्यात डब्यावर जाऊन बसायचो. बाहेर लोकांना वाटायचं, मिस्त्री कामाला लागला. दुपारी बंद करायचो, कपड्यांवर थोडा भुसा टाकून घ्यायचो, आणि जेवायला यायचो."

"आणि काम?"

"तुझ्या काकाकडून करून आणायचो, चोरून. तुझ्या आईला माहीत होतं, वाटतं. कपडे झटकताना काही बोलायची नाही."

आत्याने पेनाचं टोपण लावलं. चाळीस वर्षं ती मुलांना जे सांगत आली ते आता मनात परत सांगून बघत होती, असं तिच्या तोंडावरून दिसत होतं.

"मग भीती गेली कधी?" पाचरने विचारलं.

"नाही गेली."

"मग मशीनवर काम कसं केलंत?"

"घाबरत केलं. दुसरं काय करणार? एक कपाट केलं. काप इतका वाकडा गेला होता की दार लागेना. ज्याचं कपाट होतं त्याने चार माणसांत सुनावलं. घरी येऊन मी जेवलो नाही. पण एक झालं. त्या रात्री मला बोटांचं वाईट वाटलं नाही. कपाटाचं वाटलं." आजोबा थांबले. मग बाबांकडे न बघता म्हणाले, "आणि उंबरठा मी का काढला, तर मला शेडमध्ये जायला कारण पाहिजे होतं. तुझ्यासाठी नाही काढला. वाटलं तर मला शिव्या दे."

बाबा खिडकीबाहेरच बघत राहिले, पण त्यांचे कान लाल झाले. थोड्या वेळाने म्हणाले, "कारण कशाला लागतं? शेड तुमचीच आहे. उद्या या. पाट उचलायचाय तो मोरीवरचा."

दादा फडकं घेऊन फरशी पुसायला लागला. आत्याने फॉर्म उचलला, त्याची कड ओली झाली होती ती झटकली, आणि पर्समध्ये ठेवला.

"उद्या पाचपर्यंत वेळ आहे," ती पाचरला म्हणाली. "मी फोन करणार नाही. तू केलास तर घेईन."

सोमवारी पाच वाजेपर्यंत आत्या फोन शेजारी ठेवून बसली. फोन आला नाही. सव्वापाचला तिनेच आईला फोन केला आणि गुरुवारी किती वाजता निघायचं ते विचारलं.

*

गुरुवारी सहा मुली पळाल्या. पाचर पाचव्या लेनमध्ये होती. घरचे कठड्याशी उभे होते, एका ओळीत.

पहिले तीन अडथळे बरे गेले. चौथ्यानंतर तीनऐवजी चार पावलं पडली आणि पुढे टाकायचा पाय बदलला. बाबा मोजत होते, त्यांनी मोजणं सोडून दिलं. पाच, सहा. सातव्यापाशी ती जवळजवळ थांबलीच. बाकीच्या पुढे निघून गेल्या. ती त्या अडथळ्यासमोर दोन छोटी पावलं टाकत राहिली, चिखल ओलांडताना माणूस टाकतो तशी, आणि मग कशीबशी वरून पलीकडे गेली. पट्टी हलली, पडली नाही. पाचर उतरली. आणि उतरल्यावर ती अशी पळाली की शेवटचे तीन अडथळे कुणाला दिसलेच नाहीत. पण तोवर पाचवी आलेली मुलगी रेषेपलीकडे उभी राहून पाणी पीत होती.

घरच्यांनी टाळ्या वाजवल्या. आजोबा दोन्ही हात कठड्यावर आपटत होते. आत्या शेजारच्या अनोळखी बाईला सांगत होती की सातवा ओलांडला, सातवाच महत्त्वाचा होता. कोच वही घेऊन आला, म्हणाला नाव यादीत राहील, तीन महिन्यांनी पुन्हा बघू, आणि पुढे गेला.

गाडीत बसल्यावर पाचरने बूट काढून पायाशी फेकले. दादाने आरशातून पाहिलं. बाबा म्हणाले, "पाच पावलं पडली असती तर पाय बदलला नसता. पण काही नाही, नऊ महिन्यांनी पळतेस."

"वारा पण समोरून होता," आत्या म्हणाली.

"ट्रॅक ओला होता जरा," दादा म्हणाला.

"घाण पळाले मी," पाचर म्हणाली. "वाऱ्याचं आणि ट्रॅकचं काही सांगू नका. सहा जणींत सहावी. चौथ्यानंतर मी झोपले होते."

"अगं, गुडघा तुटल्यावर..." आजोबांनी सुरुवात केली.

"गुडघ्याला काय झालंय? मीच घाण पळाले."

 गाडीत प्रत्येक जण काहीतरी मऊ बोलायला शोधत होता. आई पुढच्या सीटवर होती. तिने मागे वळून मुलीकडे पाहिलं. मुलीचं तोंड लाल झालं होतं, केस कपाळाला चिकटले होते, आणि ती इतकी संतापली होती की बघवत नव्हतं. असा संताप आईने शेवटचा पाहिला होता तेव्हा ही पोर पंधरा वर्षांची होती.

"हो," आई म्हणाली. "घाण पळालीस."

पाचरने मान वर केली. नऊ महिन्यांत या घरातल्या कुणी तिला एक वाकडा शब्द ऐकवला नव्हता.

"तुला काय कळतं त्यातलं?"

"काही नाही. पण सगळ्यात शेवटी आलीस एवढं मला दिसतं. घरून मैदानावर यायला दोन तास लागतात. घरी बसून काही होणार नाही तुझं." आईने पर्स उघडली, आत हात घातला, आणि एक किल्ली काढून मागे केली. "होस्टेलच्या खोलीची आहे. खोली रिकामी करा म्हणून वॉर्डनने दोनदा मागितली. मी हरवली म्हणून सांगितलं."

"का?"

"काय माहीत," आई म्हणाली आणि पुढे बघायला लागली. "दिली नाही."